पेटीला कान नसतात

बेरिल हॅकिंगचा टॅम्सिन रीडवर पहिल्या बुधवारपासूनच विश्वास नव्हता. एवढी शिकलेली, विद्यापीठात नोकरी करणारी, दक्षिणेकडच्या गुळगुळीत बोलीत बोलणारी पोरगी लँकेशायरमधल्या रेकशॉसारख्या गावात येते आणि बंद पडलेल्या गिरणीची चौकशी करते, तीही वर चहा-बिस्किटं देऊन! यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं बेरिलचं मत होतं. बहुतेक बाबतींत तिचं हेच मत असे. दूधवाल्याबद्दल, दंतवैद्याबद्दल, आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईबद्दल तर विशेष.

तरी ती एकही बुधवार चुकवत नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला होता: 'ब्रिटिश उद्योग आणि आर्थिक बदल, १९४५ ते आजपर्यंत. सर्वांना प्रवेश.' सर्वांना म्हणजे सात जणांना. त्यातले पाच जण घरी हीटर लावण्यापेक्षा इथं बसलेलं बरं म्हणून यायचे. सहावा नझीर महमूद. त्यानं पाइकलॉ गिरणीत आठ वर्षं रात्रपाळी केली होती आणि गिरणी गेल्यावर तीस वर्षं टॅक्सी चालवली होती. सातवी बेरिल. तिला उद्योगांच्या इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एका नावाबद्दल पुरावा हवा होता, आणि ते नाव तिला एकोणचाळीस वर्षं पाठ होतं.

मॅविस एंटविसल.

पाइकलॉच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, बेरिल आणि मॅविस सोळा वर्षं समोरासमोरच्या साच्यांवर होत्या. चारशे साचे एकदम धडधडायला लागले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, ओठ ताणून, भुवया नाचवून बोलायच्या. याला रेकशॉत मी-मॉ म्हणतात. नवी मुलगी दोन-तीन महिन्यांत ते शिकायची, आणि मग खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पिऊन पडला, सगळं तिला दिसायचं. ऐकू यायचं नाही, दिसायचं. भांडण झालं तर तिथं कुणी दार आपटत नसे. नुसती मान फिरवायची. एकदा मान फिरवली की समोरची बाई मुकीच झाली म्हणायची.

मँचेस्टरच्या एका मोठ्या कंपनीनं पाइकलॉ विकत घेतली, आणि दोन वर्षांत, १९८० च्या उन्हाळ्यात, गिरणी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. जुलैत वेक्सची सुट्टी आली. वेक्समध्ये गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम थांबायच्या आणि अख्खं गाव ब्लॅकपूलला जाऊन समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडत आइस्क्रीम खायचं. साचे हलवायचे तर मालक याच दिवसांत हलवणार, हे बेरिलनं ताडलं होतं. तेव्हाही ती संशयीच होती, आणि तेव्हा तिचा संशय खरा होता. बारा बायकांनी ठरवलं की ब्लॅकपूलला जायचं नाही. शनिवारी पहाटे गुपचूप आत शिरायचं आणि साच्यांना खेटून बसायचं, बघू कोण उठवतंय ते. बेत बाराही जणींना माहीत होता. पण कोणतं दार, किती वाजता आणि किल्ली कुणाकडं, हे फक्त बेरिलला आणि मॅविसला.

शनिवारी पहाटे पाच वाजता त्या बॉयलरच्या बाजूच्या दाराशी पोचल्या, तर दाराला नवीकोरी साखळी होती आणि आत दोन पहारेकरी कुत्री घेऊन उभे होते. बाकीच्या दारांना जुनी कुलपं तशीच होती. साखळी फक्त त्या एका दाराला. नऊ दिवस बारा बायका फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि ट्रकामागून ट्रक साचे घेऊन बंदराकडे गेले. गाव उन्हानं लाल होऊन परतलं तेव्हा गिरणीत जमिनीवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते.

मी तर कुणाला बोलले नाही, मग उरलं कोण? बेरिलनं एवढा साधा हिशेब केला. ऑक्टोबरमध्ये मॅविसच्या नवऱ्याला, केनला, त्याच मँचेस्टरच्या कंपनीत ट्रक चालवायची नोकरी लागली, आणि बेरिलला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. शुक्रवारी चिप्सच्या दुकानात तळलेल्या माशासाठी दारापर्यंत रांग लागलेली असताना ती गरजली, "मॅविस एंटविसल! तूच विकलंस आम्हाला. त्या दाराचं तूच सांगितलंस!" मॅविसच्या तोंडातून आवाज फुटला नाही. पण तिचे ओठ हलायला लागले, साच्यांपुढं हलायचे तसे. बेरिलनं मान फिरवली.

त्या दिवसापासून मॅविसशी कुणी धड बोललं नाही. केन वारला तेव्हा अंत्यविधीला नऊ माणसं होती. मॅविस शुक्रवारचा मासा दुपारी बाराला आणायची, म्हणून बेरिल संध्याकाळी साडेपाचला जायची. गाव केवढंसं, पण दोघींनी एकोणचाळीस वर्षं हे जमवलं.

टॅम्सिन पुस्तक लिहीत होती. मोठ्या कंपन्यांनी घराण्यांच्या गिरण्या कशा घेतल्या आणि कशा मोडल्या यावर, आणि त्यात एक अख्खं प्रकरण पाइकलॉवर. बेरिलनं तिला तीन तास मुलाखत दिली होती.

"नाव घालायचं," बेरिल म्हणाली होती. "आडनावासकट. 'एका कामगार स्त्रीनं' वगैरे मोघम चालणार नाही मला."

"पुराव्याशिवाय नाही घालता येणार, मिसेस हॅकिंग."

"आणि मिळाला तर?"

"मिळाला तर घालीन. पण शुक्रवारी दुपारी दोनला मजकूर छापायला जातोय."

म्हणून त्या शेवटच्या बुधवारी बेरिल पंधरा मिनिटं आधीच येऊन बसली. टॅम्सिननं टेबलावर एक वही आणि एक गोल पत्र्याचा डबा ठेवला. दोन्ही गोष्टी रॉय ऑर्मरॉडच्या. तो पाइकलॉचा शेवटचा मॅनेजर, वारून वर्ष झालं होतं. माळा आवरताना सापडलं म्हणून त्याच्या मुलीनं आणून दिलं.

"आत्ताच बरं सापडलं," बेरिल म्हणाली. "काय पानं फाडायची ती फाडूनच दिली असेल."

"पानांवर नंबर आहेत. सगळी आहेत," टॅम्सिन म्हणाली.

"नंबर काय, नंतरही घालता येतात."

नझीर हसला. "बेरिलबाई, तुम्ही पोलिसात असतात तर निम्मं गाव आत असतं."

टॅम्सिननं रोजनिशी वाचायला घेतली. जुलैची पहिली नोंद: 'खात्यात फिल्म घेतली. साचे चालताना छान दिसतात. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला पुरेशी आहे.'

"थांब," बेरिल म्हणाली. "आम्हाला तर सांगितलं होतं, गिरणीला शंभर वर्षं झाली त्याची आठवण म्हणून! आम्ही डोक्याला चांगले रुमाल बांधून आलो होतो त्या दिवशी."

"साचे चालू स्थितीत आहेत हे गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. तसे ते जास्त भावानं जातात."

बेरिलच्या अंगाचा तिळपापड झाला. आपले साचे विकायला आपल्यालाच नटवून उभं केलं होतं! आणि ही बया ते बिस्किट मोडता मोडता सांगतेय.

दोन आठवड्यांनंतरची, वेक्सच्या आधीच्या बुधवारची नोंद अशी होती: 'फिल्म धुऊन आली. दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा आईला बोलावून घेतलं.' आणि दुसऱ्या दिवशीची, एकाच ओळीची: 'बॉयलरच्या दाराला साखळी.'

"म्हणजे त्यांना दार कळलं होतं," टॅम्सिन म्हणाली. "नेमकं तेच दार. मिसेस हॅकिंग, तुम्ही म्हणत होता ते खरंच होतं."

बेरिलच्या छातीत एकदम मोकळं झालं. एकोणचाळीस वर्षं जे ती सांगत आली ते आता कागदावर होतं, शत्रूच्या अक्षरात.

"पण आईला कशाला बोलावलं?" नझीरनं विचारलं.

"कौतुक असेल," टॅम्सिन म्हणाली. "मुलानं स्वतः काढलेली फिल्म."

सगळे हसले. बेरिलला ती म्हातारी अंधुकशी आठवली. लहानखुरी, काळी टोपी घालणारी. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून, बहिऱ्याशी बोलावं तसं तोंड वेंगाडून बोलायची. मॅनेजरची आई असून कशी बाई बोलते, असं तेव्हा वाटायचं. पण ते पुढं विचार करण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नाही.

मग टॅम्सिननं डब्यातली फिल्म भिंतीवर लावली. मुकी होती, रंग उडाले होते. साचे, साचे, आणखी साचे. आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडं पळत होते आणि खोलीत मात्र फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. बेरिलच्या तळपायांना ती धडधड आठवली. आणि एकदम भिंतीभर तिचा स्वतःचा चेहरा आला. तेहतीस वर्षांचा, निळा रुमाल बांधलेला, आणि इतका उद्धट की बेरिलला आधी कौतुकच वाटलं.

भिंतीवरची बेरिल समोर बघून बोलत होती. ओठ ताणून, एकेक शब्द सुटा करून. रेकशॉच्या कुठल्याही साचेवालीला खिडकीवरच्या पाटीसारखा वाचता यावा असा.

'वेक्सच्या शनिवारी. पहाटे पाचला. बॉयलरच्या दारानं. किल्ली माझ्याकडं आहे.'

कॅमेऱ्याची पेटी वळली. आता मॅविस. काळजीनं आक्रसलेला चेहरा, अर्धवट फिरवलेली मान. 'गप्प बस. ती पेटी बघतेय.'

पेटी पुन्हा वळली. निळ्या रुमालाची बाई थेट पेटीतच बघून हसत होती. 'बघू दे की! पेटीला कान थोडेच असतात?'

आणि मग पुन्हा साचे.

बेरिलला यातलं अक्षरही आठवत नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मात्र दुसरं काहीतरी आता लख्ख आठवलं. ऑर्मरॉड मॅनेजर होण्याआधी, त्याचा बाप लवकर गेल्यावर, त्या काळ्या टोपीच्या म्हातारीनं नदीकाठच्या गिरणीत तीस वर्षं साचे चालवून पोराला शिकवलं होतं. गावातल्या सगळ्या जुन्या बायकांना हे माहीत होतं. बेरिललाही.

"किती सुंदर!" टॅम्सिन म्हणत होती. "हेच ना ते मी-मॉ? मागं घेते. काय बोलताय तुम्ही?"

सगळे जण बेरिलकडं बघत होते. खोलीत ते वाचू शकणारी, तिच्या मते, ती एकटीच होती.

"सँडविच," बेरिल म्हणाली. "डब्यात काय आणलंस, असं विचारतेय."

"आणि मॅविस?"

"मोहरी जास्त झाली म्हणतेय."

टॅम्सिननं ते वहीत लिहून घेतलं. बेरिलनं तिला लिहिताना पाहिलं. जन्मभर ती इतिहास लिहिणाऱ्यांना खोटारडे म्हणत आली होती. आता समजलं, ते बिचारे जे सांगितलं जातं ते लिहितात.

"मग नाव घालू ना?" टॅम्सिननं विचारलं. "त्यांना दार कळलं होतं हे वहीत आहे, ते फक्त दोघींना माहीत होतं ही तुमची साक्ष आहे. तेवढं मला पुरे आहे."

"शुक्रवारी कळवते," बेरिल म्हणाली आणि कोटाची बटणं न लावता बाहेर पडली.

बसथांब्यावर नझीर मागून आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"बेरिलबाई, सँडविचला एवढे ओठ लागत नाहीत."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

"माझी रात्रपाळी होती. साचे काय रात्री झोपायचे? आम्ही पंजाबीत मी-मॉ करायचो, आणि जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, दिलेल्या शिव्या इंग्रजीत वाचायचो. इंग्रजी आधी ओठांवरूनच शिकलो मी. कानांनी नंतर."

बेरिलनं मान फिरवली. पण नझीर ओठांनी बोलत नव्हता, आवाजानं बोलत होता, तेव्हा ते ऐकू येतच राहिलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही. माझा रोजगार गेला तो गेला, आता कुणावर चिडू? पण मॅविसबाईंना दर महिन्याला दवाखान्यात मीच न्यायचो. एकदा मी म्हटलं, ती बेरिल तुमच्याबद्दल काय काय बोलते! तर म्हणाल्या, माझ्या साच्याचा धागा तुटला की तिला माझ्याआधी कळायचं, एवढी नजर होती तिची. बस. दुसरा शब्द नाही."

"तुम्ही बनवून सांगताय."

"सांगतही असेन," नझीर म्हणाला. "तुमची बस आली."

गुरुवारचा दिवस बेरिलनं संशय घेण्यात घालवला. आधी फिल्मवर: हल्ली काय, कॉम्प्युटरवर कुणाच्याही तोंडात काहीही घालता येतं. मग ऑर्मरॉडच्या मुलीवर: बापाचं नाव धुवायला केलं असणार. मग टॅम्सिनवर: तिला सगळं आधीच माहीत होतं, ती आपल्याला पारखत होती. मग मॅविसवर, सवयीनं: पेटी बघतेय हे तिला कळलं, तर हात का नाही धरला माझा? मध्ये दोघींचे चालते साचे होते, कसा धरणार? दुपारपर्यंत बेरिलनं गावातल्या झाडून सगळ्या माणसांवर संशय घेऊन पाहिला आणि प्रत्येक जण सुटला. फक्त एका बाईवर तिनं आजपर्यंत कधी संशय घेतला नव्हता. संध्याकाळी ती न्हाणीघरातल्या आरशापुढं उभी राहिली आणि आवाज न काढता म्हणाली, 'पेटीला कान थोडेच असतात?' अगदी तस्सेच ओठ. भुवईसुद्धा तीच उडाली.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. शुक्रवारी दोन वाजले की मॅविसचं नाव पुस्तकात जाईल, मग मॅविस मरेल, मग बेरिल मरेल, आणि ते पुस्तक सगळ्या वाचनालयांत राहील. नझीर बोलणार नाही म्हणतो. बोलला तरी एका टॅक्सीवाल्याचं कोण ऐकणार? हा विचार डोक्यात आला आणि बेरिलला स्वतःची शिसारी आली. ऑर्मरॉडनं नेमका असाच विचार केला असणार, बारा बायकांबद्दल.

शुक्रवारी ती बाराला पाच कमी असताना चिप्सच्या दुकानापाशी गेली. आत रांग होती, काचेवर वाफ होती. खिडकीला लागून बाक होतं. कुणीतरी आतून बाहीनं काच पुसली आणि त्या ओल्या गोलात मॅविस दिसली. केस पांढरे, काठी गुडघ्याला टेकवलेली. बेरिलला पाहून ती दचकली. साडेपाचचं माणूस बाराला आलं होतं.

बेरिलनं फुटपाथवरूनच ओठ उघडले. घशातून आवाज निघाला नसता, पण ओठांना सवय होती.

'मी होते. फिल्म सापडली. मीच बोलले. तू मला गप्प बस म्हणालीस.'

मॅविस मान फिरवेल, असं तिला वाटलं. फिरवली असती तर ते रास्तच झालं असतं. पण मॅविस बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, जुन्या पद्धतीनं, सावकाश, मोठे मोठे.

'तेच सांगत होते तुला. इथंच. पेटी, बेरिल, पेटी, म्हणत होते. तू बघितलंस कुठं?'

बेरिलचे डोळे भरून आले आणि क्षणभर तिला काहीच वाचता येईना. तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, तशी इतकी वर्षं पुसायला हवी होती ती काच जणू स्वच्छ झाली. मॅविसचे ओठ अजून हलत होते.

'आत ये. मोठ्यानं सांग. तेव्हा ओरडली होतीस तसं.'

दारावरची घंटा वाजली. रांगेत दहा-बारा माणसं होती. निम्मी तर १९८० नंतर जन्मलेली. पण शेंगदाण्याच्या रंगाच्या कोटातली ती पॅट होती, बारा जणींपैकीच, आणि काउंटरला टेकलेला तिचा भाऊ. काउंटरमागच्या माणसानं झारा तेलातून काढून झटकला.

"पुढचं कोण?"

"मी," बेरिल म्हणाली. आवाज घशातच विरला.

बाकावर बसलेल्या मॅविसनं तळवा कानामागं धरला. ऐकू नाही आलं.

"मी!" बेरिल ओरडली, चारशे साच्यांवरून ओरडावं तशी. "पाइकलॉचं ते दार मी सांगितलं त्यांना. मॅविस एंटविसलनं नाही. माझ्याच तोंडानं सांगितलं, पेटीकडं बघून, हसत हसत. पुस्तकात नाव जाईल ते माझं जाईल, आडनावासकट. ऐकलं का सगळ्यांनी?"

तेलाची चुरचुर तेवढी चालू होती. पॅटचं तोंड उघडं राहिलं होतं. रांगेतला एकेक जण वळून बघत होता, आणि या वेळी बेरिलनं मान फिरवली नाही.